कंडेन्सरचं पाणी

शहापूरच्या कॉलेजात विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घ्यायचा तर भाविकाला एकाच माणसाला पटवायचं होतं. आईला, आणि तेही पाण्यावरून.

डोळखांबच्या वर, डोंगराच्या अंगाला तिची वाडी. जानेवारी संपत आला की वाडीच्या विहिरीचा तळ दिसतो. मग ओढ्यातल्या झऱ्याशी बसून वाटीवाटीनं हंडा भरायचा आणि चढ चढून घरी आणायचा. वाडीवरून खाली लांबवर धरणाचं पाणी चमकताना दिसतं. ते मुंबईला जातं. वाडीत हे कुणी तक्रार म्हणून सांगत नाही, रस्ता सांगावा तसं सांगतात.

घरात पाणी भरणाऱ्या दोघी. बाईजा आणि तिची मुलगी भाविका.

"एक वरीस तुज्या वाटचा पानी मी आणते," बाईजा म्हणाली. "पास झालीस तं पुढचा पुढं बघू. नापास झालीस तं हंडा तुजा."

"आनि जीवन?" भाविकानं विचारलं. जीवन तिचा धाकटा भाऊ, तेव्हा नववीत होता.

"पोराच्या डोक्यावं हंडा दिला तं वाडी हसल गो. उद्या त्याला पोरगी कोन देल?"

जीवन जेवत होता. "मी भरला असता," तो म्हणाला, "पन वाडी हसल ना." आणि त्यानं भात वाढून घेतला.

हे २००२ सालच्या जूनमधलं.

सेंद्रिय रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक आठवड्यातून एकदा असे. शिकवायला नम्रता मॅडम होत्या. राहायला आसनगावला, वय तिशीच्या आत, नेमणूक हंगामी. पहिले काही आठवडे त्यांनी मुलांना प्रयोग असा दिलाच नाही, फक्त हात तयार करायला लावले. केसासारखी बारीक काचेची नळी ज्योतीच्या कडेला धरून तिचं एक टोक बंद करायचं. नळी ज्योतीच्या मध्यात धरली तर वाकते, फिरवली नाही तर टोकाला गोळा येतो. बंद झालेल्या नळीत पांढरी भुकटी ठोकून ठोकून भरायची, नळी रबराच्या कडीनं थर्मामीटरला बांधायची आणि तेलात बुडवून तापवायची. भुकटी ओलसर दिसू लागते तिथपासून पूर्ण वितळते तिथपर्यंत पारा वाचायचा. आच मोठी केली की पारा पुढं पळतो, भुकटी मागं राहते आणि आकडा खोटा येतो.

भाविकाच्या पहिल्या नळ्या वाकल्या, बोटं भाजली. गणपतीपर्यंत तिचा हात बसला.

स्फटिकीकरणात मात्र ती पहिल्या दिवसापासून वर्गाच्या पुढं होती. अशुद्ध बेन्झोइक आम्ल उकळत्या पाण्यात विरघळवायचं, गरम असतानाच गाळायचं आणि निवू द्यायचं. निवताना शुद्ध स्फटिक खाली बसतात. यातली मेख एकच. पाणी लागेल तेवढंच घालायचं, कारण जास्तीच्या पाण्यात पदार्थ विरघळून राहतो आणि हाती कमी येतो. बाकीची मुलं बीकर ओतत. भाविका ड्रॉपरनं थेंब सोडी, ढवळी, थांबे, पुन्हा थेंब सोडी.

"हिला घरी मीठसुद्धा मोजून देत असतील," शेजारच्या टेबलावरची मनस्वी म्हणाली. ती शहापूर गावातली, दुकानदाराची मुलगी.

"मीठ नाय मोजत," भाविका म्हणाली. "पानी मोजतो."

तिचे स्फटिक वजनात सगळ्यांहून जास्त भरले. मॅडमनी ते वर्गात फिरवून दाखवले आणि म्हणाल्या, पाणी कसं वापरायचं ते या वर्गात एकीलाच कळतं.

दिवाळीनंतर ऊर्ध्वपातन आलं. द्रव उकळवायचा आणि वाफ थंड करून पुन्हा द्रव मिळवायचा. वाफ थंड होते ती कंडेन्सरमध्ये. ही एकात एक अशी दोन नळ्यांची काच. आतून वाफ जाते, बाहेरच्या पोकळीतून नळाचं थंड पाणी वाहत राहतं. पाणी खालून आत शिरतं आणि वरच्या तोंडाला लावलेल्या रबरी नळीतून बेसिनमध्ये पडतं. प्रयोग संपेपर्यंत ते पडतच असतं.

भाविका बराच वेळ त्या रबरी नळीकडे बघत राहिली.

"मॅडम, हे पाणी जातं कुठं?"

"बेसिनमध्ये."

"आणि मग?"

"मग मुंबईला," मनस्वी म्हणाली. वर्ग हसला. मॅडमही हसल्या.

पुढच्या वेळी भाविकानं प्रयोगशाळेतल्या धाऊमामांकडे बादली मागितली. मामा सापगावचे. काचसामान धुणं, बाटल्या भरणं, तास संपला की गॅस बंद झाला का बघणं ही त्यांची कामं. त्यांनी काही न विचारता निळी बादली दिली. भाविकानं रबरी नळी बादलीत सोडली. बादली भरली की ती नळ बंद करी, पाणी मामांच्या धुण्याच्या पिंपात ओती आणि परत येऊन नळ सोडी. मामा खूश झाले. "पोरी, तू रोज येत जा," ते म्हणाले.

मॅडम हे बघत होत्या. नळ बंद करण्याआधी बर्नर बाजूला घे, एवढं त्यांनी एकदा सांगितलं, मग तेही राहून गेलं. सरावाला दिलेले द्रव चांगले तापल्यावर उकळणारे होते. त्यांची वाफ कोमट काचेवरही थंड व्हायची. नळ मधेच थोडा वेळ बंद राहिला तरी काही बिघडत नसे. त्यामुळं वर्षभरात काहीच बिघडलं नाही.

इकडं जानेवारीपासून बाईजा पहाटे दोन खेपा जास्त करू लागली. मार्च उजाडेपर्यंत ती कंबरेवर हात ठेवूनच उठायची.

प्रात्यक्षिकाची परीक्षा मार्चमध्ये होती. सकाळीच धाऊमामांनी दारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "टाकी अर्धीच हाय, पोरांनो. दुपारची बॅच पन याचीय. जपून." बाकीच्यांनी ते ऐकून सोडून दिलं.

बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक वयस्क आणि शिस्तीचे होते. टेबलांमधून फिरताना ते निळ्या बादलीशी थांबले. "हे इथं कशाला? कुणी अडखळलं तर? हातात पेटता बर्नर असतो." त्यांचं बरोबर होतं. मामांनी बादली उचलून व्हरांड्यात नेली.

भाविकाला आलेल्या मिश्रणात अ‍ॅसिटोन होतं. हा द्रव पाण्याच्या खूप आधी उकळतो आणि लगेच पेट घेतो. तो वेगळा काढून मोजून दाखवायचा होता. तिची जोडणी बघून परीक्षकांनी मान हलवली आणि पुढं गेले. तिनं नळ सोडला, बर्नरवरच्या गरम पाण्याच्या भांड्यात फ्लास्क बसवला, थेंब पडू लागले.

दुसऱ्या बाजूला रबरी नळीतून पाणी बेसिनमध्ये पडत होतं आणि तिथून गटारात जात होतं. खाली बादली नव्हती. तिचा हात नळाकडं गेला. तिनं धार थोडी बारीक केली. मग आणखी थोडी. मग पाणी सतत वाहतं ठेवावं हे पुस्तकातलं वाक्य तिला आठवलं आणि तिनं नळ मोठा केला. पाण्याचा आवाज वाढला. थोड्या वेळानं धार पुन्हा बारीक झाली होती, दोऱ्यासारखी.

थेंब पडायचे मंदावले. नेलपॉलिश काढताना येतो तसा वास खोलीत पसरू लागला.

नम्रता मॅडम पलीकडच्या टेबलाशी होत्या. त्यांनी वास ओळखला, मान वळवली आणि नळ पाहिला. परीक्षेत शिकवणाऱ्यानं विद्यार्थ्याशी बोलायचं नसतं. त्यांनी जवळची खिडकी उघडली. मग दुसरी उघडली. भाविकानं वर बघितलं नाही.

परीक्षक आले. त्यांनी कंडेन्सरला हाताची मागची बाजू लावली.

"बर्नर बंद करा."

तिनं बंद केला.

"कंडेन्सरला पाणी कसं लागतं?"

"सतत, सर. थंड."

"मग नळ कुणी कमी केला?"

"मी."

"का?"

"दुपारची बॅच आहे, सर."

परीक्षकांना ते कळलं नाही. "खोलीभर वाफ झाली आहे आणि शेजारी ज्योत आहे. उत्तर तुम्हाला येतंय. हात मग असा का?"

मोजपात्रात जमायला हवं होतं त्याच्या निम्मंही जमलं नव्हतं. मिश्रण दुसऱ्यांदा देत नाहीत.

निकालात लेखी विषय सगळे निघाले, प्रात्यक्षिक राहिलं. मॅडम विभागप्रमुखांकडे गेल्या. कागदावर परीक्षकांची सही झाली होती. प्रमुखांनी विचारलं, "वर्षभर ती नळ बंद करत होती, तर तुम्ही काय सांगितलंत तिला?" मॅडम परत आल्या.

बाईजानं निकाल ऐकला आणि हंडा भाविकाच्या पुढ्यात ठेवला. रागावली नाही. "माजी कंबर गेली गो," एवढंच म्हणाली.

राहिलेलं प्रात्यक्षिक पुढच्या वर्षीच्या मुलांबरोबर देता येणार होतं. २००४ च्या एप्रिलमधली तारीख मॅडमनी जीपवाल्या हरेशबरोबर कळवली. सकाळी सातची जीप धरली तर भाविका वेळेवर पोचत होती. तिनं अ‍ॅप्रन धुऊन ठेवला.

त्या वर्षी वाडीला टँकर चालू झाला होता. टँकरचा दिवस ठरलेला होता, पण वेळ ठरलेली नव्हती. तो यायचा आणि पाणी विहिरीत सोडून निघून जायचा. मग विहीर उपसून कोरडी होईपर्यंत ज्याच्या हातात दोर त्याचं पाणी.

परीक्षेच्या सकाळी भाविका जीपमध्ये बसली आणि वळणावरून टँकर वर आला.

विहिरीवर एकदम गर्दी झाली. बाईजा दोन हंडे घेऊन काठाशी पोचली, दोर हातात घेतला आणि वाकता येईना म्हणून तशीच उभी राहिली.

"जा तू," ती जीपकडे बघून म्हणाली. "मी बघते."

जीवन पारावर पोरांच्यात उभा होता.

"जीवन," भाविकानं जीपमधून हाक मारली, "दोर धर."

जीवननं विहिरीकडं बघितलं, मग पोरांकडं. "बायकांत जातो का रे?" एक जण म्हणाला आणि बाकीचे हसले. जीवन पुढं आला नाही. मागंही गेला नाही.

"बसतेस का उतरतेस गो?" हरेश म्हणाला. "आसनगावची फास्ट लोकल चुकली तं ही मागं बसलेली मंडळी माजा जीव घेतील. माजा टाइम जातो."

भाविका उतरली. अ‍ॅप्रनची पिशवी तिनं काठावर ठेवली आणि आईच्या हातातला दोर घेतला.

कॉलेजात त्या दिवशी टाकी भरलेली होती. धाऊमामांनी तिच्या टेबलाखाली निळी बादली ठेवली होती. परीक्षक दुसरे होते, त्यांनी हरकत घेतली नाही.

दोन वर्षांनी भाविकाचं लग्न होऊन ती मुरबाडला आली. नवरा कंपनीत कामाला, भाड्याची खोली, चाळीला मिळून एक नळ. २००७ च्या हिवाळ्यात मुरबाडच्या एसटी स्टँडवर तिला नम्रता मॅडम दिसल्या. त्या कल्याणच्या गाडीची वाट बघत होत्या. दोघींनी एकमेकींना ओळखलं. मॅडमनी बादलीची गोष्ट सांगितली.

"मामा आहेत अजून?"

"रिटायर झाले. भाविका, तुझं एकच प्रात्यक्षिक राहिलंय. मी चौकशी करते. अजून देता येत असेल तर देशील? आधी चार दिवस येऊन हात बसव, मी उभी राहते शेजारी."

भाविकानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"किती वाजता असतं, मॅडम?"

"सकाळी. साडेआठला यावं लागेल."

"आमच्याकडं नळ आठ ते नऊ येतो," भाविका म्हणाली.

कल्याणची गाडी लागली. मॅडमना खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटेपर्यंत भाविका खाली उभी होती.