सहा घरांची चाचणी

माझ्या संशोधनाचा खून माझ्या सख्ख्या मामानं केला, तोही नवा फेटा बांधून.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. (हे मी कुठंही सांगतो. रक्ताचं पाणी करून मिळवलंय, लाजू कशाला?) पुढं शिकायला शिष्यवृत्ती हवी होती. नागपूरचे प्रोफेसर म्हणाले, "शेतकऱ्यांच्या राहणीवर प्रश्न तयार करा, एका गावात चाचणी घ्या. आखणी पटली तर शिष्यवृत्ती." महिनाभर घासून मी वीस प्रश्न काढले. गावातलं दर पाचवं घर घ्यायचं, म्हणजे गरीब-श्रीमंत, सगळ्या जातीधर्माचे लोक आपोआप येतात. काय आखणी होती!

गाव निवडलं मामाचं, सुलतानपूर. मामा सोबत निघाले आणि पाचव्या घरावरून सरळ पुढं गेले!

"मामा, घर मांगं राह्यलं!"

"तिथं काय ठेवलं हाय? आपल्यातलं घर पुढं हाय."

"पण पाचवंच घ्या लागते!"

"मोजत काय बसतो बे? बी.ए. झाला ना तू?"

अशी सहा घरं झाली. सगळी आमच्यातलीच! सगळीकडं सतरंजी अंथरलेली, चहा तयार. मी विचारलं, "जमीन किती?" की घरधनी मामांकडं बघून सांगणार, "तीस एकर!" "बैल?" "चार जोड्या!" (गोठ्यात एकच म्हातारा बैल रवंथ करतोय.) आणि "घरात लग्नाचं कोण?" हा अकरावा प्रश्न तोंडातून निघतो न निघतो, तोच नवं लुगडं नेसलेली मुलगी सुपारीचं तबक घेऊन हजर!

सहाव्या घरी घरधन्यानं उलट मलाच विचारलं, "मंग, पोरगी पसंत हाय ना?"

बाहेर येऊन मी वही आपटली. "मामा! मी पोरी पाह्याले आलो का इथं?"

"मंग? तुह्या बापानंच तं सांगतलं मले."

"मी संशोधन करून राह्यलो!"

"कर ना! पण पोरगी पाह्याले आल्याबिगर एवढे प्रश्न कोण इचारू देते?"

मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या सरकारनं इतकी खाती काढली, मामांना आवरणारं एकही काढलं नाही! असली उत्तरं नागपूरला पाठवू कोणत्या तोंडानं? दुसऱ्या गावात चाचणी घ्यायला दिवस उरले नव्हते. मुदत टळली, शिष्यवृत्ती गेली. मी मामांशी बोलणं टाकलं.

आठवड्यानं मामाच तोंड पाडून दारात आले. "बापू, सहाही घरून नकार आला. म्हणतेत, पोरगं समदं इचारते अन् लिहून घेते. उद्या पोरीनं भाकरी किती खाल्ल्या, तेबी वहीत लिहीन!"

कुणाची पोरगी मी मागितलीच नव्हती! तरी सांगतो, शिष्यवृत्ती गेली तेव्हा मी दोन वेळा जेवलो होतो. हे नकार आले त्या दिवशी मात्र भरल्या ताटावरून उठलो.