लेथवरच्या चंद्रकोरी

लेथच्या बेडमध्ये मला माझा चेहरा दिसला. मिशीसकट. तो तिथं दिसायला नको होता.

बेड म्हणजे लेथचा, लोखंड कातायच्या मशीनचा, पाया. दोन लांब लोखंडी रूळच म्हणा ना. टूल धरणारं सॅडल त्यांच्यावरून मागेपुढे सरकतं. चार दिवसांपूर्वी मी हे मशीन सोडून साताऱ्याला लग्नाला गेलो, तेव्हा त्या बेडवर शेकडो चंद्रकोरी होत्या. मी हातानं काढलेल्या. तीन आठवडे लागले होते. आता एकही शिल्लक नव्हती. सगळा बेड आरशासारखा लख्ख.

मी हँडव्हील फिरवलं. सॅडल चिकटून बसलं, जोर लावल्यावर टुणकन पुढं गेलं आणि परत चिकटलं. सॅडलवरची छोटी स्लाइड फिरवून पाहिली. तिचीही तीच गत. ती मी जाताना खोलून ठेवली होती. तिलाही पॉलिश झालं होतं आणि मग ती परत व्यवस्थित बसवलीही गेली होती.

लेथचे मालक हमीदभाई शेजारी फडक्याला हात पुसत उभे होते. शाबासकीची वाट बघत होते, हे दिसतच होतं.

"कशानं घासलं?" मी विचारलं.

"आधी दोनशेवीसचा पॉलिश पेपर मारला. मग चारशे. शेवटी हजारचा, तेलात." ते म्हणाले, "लय खुणा राहिल्या व्हत्या साहेब. चंद्रकोरीवानी. तुमास्नी वेळ मिळाला नसंल म्हटलं."

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत तेहतीस वर्षं मेन्टेनन्समध्ये काढली. शेवटची काही वर्षं फोरमन होतो. कंपनीत माझी ओळख दोन गोष्टींसाठी होती, एक माझं स्क्रेपिंग, म्हणजे लोखंड खरवडायचं काम, आणि दुसरं माझं तोंड. त्या दिवशी मिरजेतल्या त्या गल्लीला दुसऱ्या गोष्टीची ओळख झाली. तुमच्या हौसेपायी माझ्या तीन आठवड्यांची माती झाली, असं मी म्हणालो. आणखीही बरंच म्हणालो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. हमीदभाईंचं हसू हळूहळू मावळलं.

आता हा लेथ त्यांच्या घरात कसा आला ते सांगतो.

रिटायर झाल्यावर मी सांगलीला लेकीच्या घराजवळ राहायला आलो. एका ओळखीच्या टर्नरनं सांगितलं, मिरजेत एक तंबोरे करणारा माणूस जुना लेथ घेऊन बसलाय, जरा बघून या. लाकूडकाम करणाऱ्याला लोखंड कातायचं मशीन कशाला हवं? कुणीतरी त्याच्या गळ्यात भंगार बांधलं असणार. तेवढं त्याला सांगून यावं, म्हणून मी गेलो.

हमीदभाई साठीला टेकलेले. पुढच्या खोलीत दुकान, मागं घर. मधल्या खोलीत भोपळे वाळत टांगलेले आणि त्यांच्याखाली साडेचार फुटी लेथ. कडेगावकडच्या एका बंद पडलेल्या पंप रिपेअरिंगच्या दुकानातून आणलेला. भाभींनी त्यावर जुनी चादर टाकली होती. हे धूड खोलीत आल्यापासून पाहुण्यांना बसायला जागा उरली नाही, असं त्यांनी मला चहा देतानाच सांगून टाकलं.

"लेथ कशाला घेतलात?" मी विचारलं.

त्यांनी उजवा अंगठा पुढं केला. बुडाशी सांधा सुजलेला होता. तंबोऱ्याची खुंटी निमुळती असते. तार तिला गुंडाळतात आणि ती पिळून स्वर लावतात. खुंटी ज्या भोकात बसते तेही निमुळतं असतं. दोन्हींचा उतार तंतोतंत जुळला तर खुंटी जिथल्या तिथं राहते. नाही जुळला तर घसरते, आणि गाणाऱ्याचा स्वर उतरतो. हा उतार हमीदभाई आयुष्यभर हातानं काढत आले होते. खुंटी अंगठा आणि बोटांत फिरवत फिरवत कानशीनं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, सांधा झिजलाय, आता हे पिळायचं काम बंद.

कोपऱ्यात गवसणी घातलेला एक तंबोरा उभा होता. वाईला गाणं शिकवणाऱ्या एका बाईंचा. अंगठा दुखायला लागल्यानंतर बसवलेल्या त्याच्या खुंट्या दोनदा घसरल्या होत्या आणि तंबोरा दोनदा परत आला होता.

"तिसऱ्यांदा आला तर दुकानाला कुलूप," हमीदभाई म्हणाले. "घसरत्या खुंटीचा माल माझ्या नावानं बाहेर फिरायला नको."

भाभी आत जाता जाता थांबल्या होत्या. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही, त्यावरून हे घरात आधी बोलून झालेलं आहे हे मला कळलं.

मग हमीदभाईंनी मला त्यांचा बेत सांगितला. लेथची वरची छोटी स्लाइड तिरकी लावता येते. ती एकदा उताराला लावायची आणि घट्ट करायची. त्याच सेटिंगवर आधी पोलादी सळईचा रीमर कातायचा, म्हणजे भोक निमुळतं करायचं हत्यार. मग ती स्लाइड अजिबात न हलवता शिसवी खुंट्या कातायच्या. भोक आणि खुंटी दोन्हींचा उतार एकच. मोजायची गरजच नाही. ही अक्कल अप्रेंटिसांच्या डोक्यात घालायला मी किती खडू झिजवले होते. या माणसाला ती कुणी शिकवली नव्हती. गरजेतून सुचली होती.

लेथ नीट करून द्यायचं काम मी त्याच दिवशी घेतलं.

मशीन वाईट नव्हतं, झिजलेलं होतं. लेथवरचं बहुतेक काम चकजवळ, म्हणजे कातायचा तुकडा धरून फिरवणाऱ्या जबड्याजवळ, चालतं, म्हणून बेड तिथंच दबतो. छोट्या स्लाइडचीही मधली बाजू खाल्लेली होती. अशा वेळी आम्ही स्क्रेपिंग करतो. एका सरळ, जड पट्टीला निळा रंग अगदी पातळ लावायचा आणि ती बेडवर घासायची. बेडचा उंच भाग निळा होतो. तेवढाच स्क्रेपरनं, म्हणजे सपाट तोंडाच्या पोलादी पात्यानं, खरवडायचा. परत रंग, परत पट्टी, परत खरवड. खरवडताना चंद्रकोरीसारख्या खुणा उठतात. त्या मुद्दाम ठेवतात. त्यांच्या खोलगट जागेत तेल थांबतं आणि वरचा भाग तेलावर तरंगत सरकतो.

कंपनीत हे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून साताऱ्याला जाताना मी हमीदभाईंना एवढंच म्हणालो, "पुसून, तेल देऊन ठेवा."

आणि हमीदभाईंच्या धंद्यात हत्याराची खूण दिसली की माल अपुरा. त्यांचे वडील तंबोऱ्यावर कानशीचा एक ओरखडा दिसला तर त्यांना परत घासायला बसवायचे. त्या माणसानं सुजल्या अंगठ्यानं चार दिवस घासून माझं अपुरं काम पुरं केलं होतं.

हे सगळं मला नंतर समजलं. त्या वेळी मी पट्टीला निळा रंग लावून ती बेडभर घासली. साडेचार फुटांत फक्त तीन ठिकाणी रंग लागला. बोटानं पेपर घासला की जिथं बोट दाबतं तिथं खड्डा पडतो. मी पट्टी पुसली आणि पिशवीत घालायला लागलो. कंटाळा आला होता आणि राग होताच. भाभी म्हणाल्या, "चा ठेवलाय. पिऊनच जावा." चहा न घेता त्या घरातून निघायची सोय नव्हती. मी बसलो.

हमीदभाई पुढच्या खोलीत जाऊन कामाला लागले. भांडण झालं की कामात हात गुंतवायचे, हा त्यांचा स्वभाव. समोर एक तंबोरा होता आणि ते त्याची जवारी काढत होते. तारा ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा किंचित उतरता असतो. तो इतका अचूक घासायचा की तार छेडल्यावर नुसती टण्ण न वाजता गुंजत राहावी. ही जवारी. मी बघत होतो, कारण दुसरं काही करायला नव्हतं.

त्यांनी तार दाबून घोडीवर मागंपुढं घासली. मग ती बाजूला सारून खाली बघितलं. हाडाच्या पट्टीवर एक पुसट काळी रेघ उमटली होती. कानस फक्त त्या रेघेवर दोनदा फिरली. परत तार, परत रेघ, परत कानस.

मी कप खाली ठेवला.

"त्या रेघेवरच का घासता?" मी विचारलं.

माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "जिथं लागतंय तिथलंच काढायचं. बाकीच्याला हात लावायचा न्हाई."

"सगळीकडं सारखी टेकवली तर?"

"आवं, सगळी तार टेकली तर आवाज मरतोय. मधी मधी मोकळं पाहिजे."

मी पिशवीतून पट्टी परत काढली. त्यांना लेथपाशी नेलं, निळा रंग लावला, पट्टी घासली आणि ते तीन निळे डाग दाखवले. हमीदभाईंनी डाग पाहिले. मग सगळ्या लखलखीत बेडवरून नजर फिरवली. मग कपाळाला हात लावला.

"म्हंजे मी आवाज मारला की साहेब," ते म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. सांगायचं काम माझं होतं. तेहतीस वर्षं ज्यांना माहीतच आहे अशा लोकांत राहिलो, आणि न सांगता कळेल असं धरून चाललो. तसं मी त्यांना म्हणालो. माफी मागायची सवय नसल्यामुळं ती जरा ओरडल्यासारखीच निघाली, पण त्यांना पोचली.

स्क्रेपर मी त्यांच्या हातात दिला. अंगठ्याची मला धास्ती होती. पण स्क्रेपिंगमध्ये जोर कमरेचा असतो. मूठ मांडीच्या वर टेकवून सगळं अंग पुढं ढकलायचं, हात नुसते दिशा दाखवतात. पहिल्या दिवशी त्यांचे घाव खोल गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा स्क्रेपर बाजूला ठेवला, घरातल्या एका जुन्या कानशीला घासून स्वतःचं पातं केलं आणि त्याच्या तोंडाला बारीकशी गोलाई दिली. तिसऱ्या दिवसापासून मला सांगण्यासारखं काही उरलं नाही.

एका इंचाच्या चौकोनात पट्टी किती ठिकाणी टेकते ते आम्ही मोजतो. माझं काम बारा-चौदाचं असायचं आणि त्यावर कंपनी खूश होती. हमीदभाईंच्या चौकोनात मी एकोणीस मोजले. चष्मा पुसून परत मोजले, तरी एकोणीसच. माझ्या हाताखालून पुष्कळ पोरं गेली. काही आज मोठ्या कंपन्यांत आहेत. असा हात त्यांतल्या एकाचाही नव्हता. हे मी त्यांना तिथंच सांगितलं. ते लाजले आणि भाभींना हाक मारून चहा मागवला.

छोटी स्लाइड त्यांनी एकट्यानं केली. बेडही बहुतेक त्यांनीच केला. टेलस्टॉककडचा, म्हणजे चकच्या उलट्या टोकाचा, वीतभर तुकडा मी केला. गुरूचा हात कुठंतरी असावा म्हणून.

मशीन जोडल्यावर छोटी स्लाइड एका बोटानं फिरली. ती उताराला लावून घट्ट केली. आधी पोलादी सळई कातली, कानशीनं तिची अर्धी गोलाई काढून टाकली, गॅसवर लाल करून तेलात बुडवली. झाला रीमर. मग बेडवर भाभींची चादर पसरली, कारण लाकडाचा भुसा सगळं तेल पिऊन टाकतो. एकामागून एक चार खुंट्या निघाल्या. वाईच्या तंबोऱ्याची भोकं रीमरनं साफ केली. पहिली खुंटी आत घातली तेव्हा हमीदभाईंनी श्वास रोखला होता, आणि खरं सांगायचं तर मीही.

बाई वाईहून बसनं आल्या. सकाळी त्यांनी स्वतः तंबोरा लावला. खुंटी पिळताना त्यांनी दोनदा हमीदभाईंकडं पाहिलं. भाभींनी जेवायला बसवलं. जेवताना कुणी तंबोऱ्याचं नाव काढलं नाही. हमीदभाईंनी अर्धी भाकरी ताटात टाकली. दोन तासांनी बाई पुढच्या खोलीत गेल्या, तंबोरा मांडीवर घेतला आणि चारही तारा सावकाश छेडल्या. मग परत छेडल्या. खुंटीला हात लावलाच नाही.

"हलली नाही," त्या म्हणाल्या.

हमीदभाई हात धुवायला मागं गेले. बराच वेळ नळ चालू राहिला. भाभींनी लेथवरची चादर ओढून सारखी केली. ती आधीच सारखी होती.

दुकान चालू आहे. त्या गल्लीतले आणखी दोघे आता हमीदभाईंकडून खुंट्या कातून नेतात. मी महिन्यातून एखादी चक्कर मारतो, मशीनला तेल-पाणी बघायचं निमित्त करून.

मागच्या चकरेला मी चादर उचलली. टेलस्टॉककडच्या माझ्या वीतभर तुकड्यावर नजर गेली आणि तिथंच थांबली. माझ्या चंद्रकोरी रुंद असतात, मी ओळखतो. तिथं बारीक होत्या. चौकोनात किती टेकतात ते मोजायची मला हिंमत झाली नाही.

"हमीदभाई, हे काय?"

ते तारा निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "तुमास्नी वेळ मिळाला नसंल म्हटलं."

मी डायल गेज लावलं. ते उंचसखल दाखवणारं घड्याळ असतं. सॅडल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. काटा जागचा हलला नाही.

कुणाला मशीन पुसायला सांगताना काय पुसायचं नाही तेही सांगावं, एवढं मी या कामातून शिकलो. दुसरं असं की मिरजेत काम अर्धवट सोडून जाऊ नये. तिथं ते कुणीतरी पुरं करतं, आणि आपल्यापेक्षा चांगलं करतं.