अप्पांनी ते बंगालीबाबूला सांगितलं, मला न्हाई

ह्या माणसावर मी पंचेचाळीस वर्षं जळले.

काल तो कलकत्त्यात वारला. सकाळी त्याच्या पोरीचा मेसेज आला.

सगळे त्याला बंगालीबाबू म्हणायचे. माझ्या बापावर सिनेमा काढला त्यानं. मी तवा नऊ वर्षांची.

आमचे अप्पा सांगलीला हळदीच्या पेवांवर कामाला. पेव म्हंजे जमिनीखालचं कोठार. वीस-पंचवीस फूट खोल, वर माणूस जाईल एवढंच तोंड. हळद भरायची आणि मातीनं बंद करायचं.

एकदा पेव उघडलं आणि आत उतरलेले तिघं गुदमरले. अप्पा कमरेला दोर बांधून दोनदा खाली गेले. दोघं जगले. तिसरा, अप्पांच्या जोडीला काम करणारा गोपाळमामा, गेला.

पेपरात आलं. बाबू तवा मुंबईत. कुणीतरी त्याला वाचून दाखवलं आणि हा थेट आमच्या दारात.

अप्पा मूळचे विजापूरकडचे. सांगलीत आले तवा कुणी खोली दिली न्हाई, आडत्याच्या ओट्यावर झोपायचे. बाबूलाही कुणी देईना. मासे खाणारा माणूस! तोही त्याच ओट्यावर.

मराठी दोघांचं सारखंच मोडकं.

"अप्पा, हळद कुठे झोपला?"

"खाली झोपलाय, बाबू. उठवू?"

अख्खा बाजार त्यांना हसायचा. ही दोघं आपल्यातच खूष.

आणि घरात अप्पा मुके.

मी विचारलं, "अप्पा, आत काय दिसलं वो?"

"अंधार. जा, अभ्यास कर."

बाबूपाशी मात्र तासन् तास! मी चहा घेऊन गेले की दोघं गप्प. किटली त्याच्या डोक्यावर ओतावी वाटायचं.

शूटिंगला माझं काम करायला पुण्याची गोरी पोरगी आणली. गर्दीत तिला काही दिसेना म्हणून अप्पांनी तिला खांद्यावर घेतलं.

मला कधीच घेतलं न्हवतं.

साताऱ्याला सिनेमा लागला. अप्पा, बाबू आणि मी एसटीनं गेलो. त्यात हिरो, म्हंजे अप्पाच, पेव उघडल्यावर पेटता कंदील खाली सोडतो. ही रीतच हाय. कंदील विझला तर आत हवा वाईट, उतरायचं न्हाई. सिनेमात कंदील विझतो, हिरो "थांबा" म्हणतो, तरी गोपाळमामा घाईनं उतरतो. बाकीचे दोघं मागोमाग.

तो सीन आला आणि अप्पांनी बाबूचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या बाजूला मी होते. माझा हात मोकळाच.

अप्पा गेले त्या वर्षी मी बाबूला फोन लावला. भांडायलाच.

"माझ्या बापानं तुमाला काय सांगितलं? ते माझं हाय. द्या परत."

 बाबू म्हणाला, "कंदील सोडला नव्हता, बेटी. लॉरी उभी होती, आडत्या ओरडत होता. अप्पा बोलला, उतरा. गोपाळ उतरला."

"मग सिनेमात?"

"अप्पानं पाय धरला माझा. बोलला, पोरगी बघणार. तिच्यासमोर मला मोठा राहू दे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला पण पोरगी आहे," तो म्हणाला. "तिला वाटतं, बाबानं सिनेमात कधी खोटं दाखवलं नाही. तिला सांगू नको."

सात वर्षं पोटात ठेवलं. आता बास. त्याची पोरगी वाचेल तर वाचू दे. माझ्या बापाचं नाव जाईल तर जाऊ दे.

गोपाळमामाची पोरं अजून ऐकून घेतात, बाप घाईनं मेला म्हणून. न्हाई रं बाळांनो. तुमचा बाप सांगितल्यावर उतरला. माझ्या बापाच्या शब्दावर. शिव्या द्यायच्या तर घरी या, दार उघडं हाय.

बाबू, तुम्ही झाकलंत, मी उघडलं. रागवा.

अप्पा त्या ओट्यावर तुमच्यापाशी रडले असतील. माझ्यापाशी एकदा रडले असते, तर मी काय त्यांना कमी लेखलं असतं?

तुमच्यावर मी अजून जळते, बाबू.

जळत जळतच हात जोडते.