भावोजींची पहिली आज्ञा

माझ्या ताईचे यजमान शीतगृहातली यंत्रं सांभाळतात. भावोजींचं माऊसशी हाडवैर. कॉम्प्युटरवर काळा पडदा उघडायचा आणि आज्ञा टाइप करायच्या. माऊस धरणारा माणूस त्यांच्या लेखी बाळबोध.

शीतगृहातली थंडी कमी झाली की कॉम्प्युटरने आपणहून मेल पाठवावा, अशी सोय त्यांनी केली होती. मग त्यांनीच मेलच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावली, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवर येणारा कोडही द्यायचा, आणि मेल जायचेच बंद झाले. रविवारी घरी बसून भावोजी कीबोर्ड बडवत होते. "माझंच खातं, आणि मलाच चोर ठरवतंय!" शेवटी चिडून त्यांनी पासवर्डच्या जागी तो कोडच कोंबला. तेही फुकट गेलं.

कपड्यांच्या घड्या घालता घालता ताई म्हणाली, "अहो, त्या प्रोग्रामकडे कुठला आलाय मोबाइल? त्याला त्याचा वेगळा पासवर्ड काढून द्या. खात्याच्या सेटिंगमध्ये सोय आहे."

सोय होती, पण ती माऊसनेच उघडायची. भावोजींनी तो मेलेल्या झुरळासारखा दोन बोटांनी धरला, पासवर्ड काढला आणि मेल सुटला!

लगेच तोऱ्यात त्यांनी स्वयंपाकघरात गेलेल्या ताईला काळ्या पडद्यावरून मेल धाडला : "चहा टाक."

उत्तर आलं : "आधी ओळख पटवा. पहिली पायरी, पलंगावरचा ओला टॉवेल उचला. दुसरी, भांडी घासा. आणि हे टाइप करून होत नाही."