मागच्या वॉर्डची बेल

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. वायरीत करंट नसेल तर दिवा लागत नाही, एवढंच माझं अध्यात्म. इतरांचे असे अनुभव वाचून मी हसायचो... म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली.

नव्वदच्या दशकाची अखेर. अबुधाबीतल्या एका कन्सल्टन्सीत मी नोकरीला होतो, कर्णिक सर माझे बॉस. शहराबाहेर एका परदेशी सैन्याचा तळ होता, त्यांच्या जुन्या दवाखान्याचं आधुनिकीकरण करायचं होतं. आम्ही पाहणी करून प्लॅन आणि बजेट बनवायचं, मग त्यांच्या देशातून निधी मंजूर होणार. सगळ्याला पुरणार नाही हे उघड होतं. त्यामुळे आधी काय, नंतर काय, हे सरांनी सुचवायचं.

सरांची एक खोड होती. हॉस्पिटलचं काम असलं की ते प्रत्येक खोलीत स्वतः कॉटवर आडवे व्हायचे. "अरे, ड्रॉइंग तू उभ्याने बघतोस, पेशंट आडवा असतो!" दिवा डोळ्यांवर येतो का, पाण्यापर्यंत हात पोचतो का... सगळं झोपून बघायचे. आम्ही पाठीमागे हसायचो. पण माणूस जीव लावणारा; लग्न होईपर्यंत मी रात्री त्यांच्याकडेच जेवायचो.

त्या सुमारास सरांच्या छातीत दुखायचं. डॉक्टरकडे जायला मात्र तयार नाहीत. "रिपोर्ट जाऊ दे, मग बघू, इन्शाल्ला." सरांच्या बायकोने, काकूंनी, मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुझ्यावर सोडतेय रे त्यांना. लक्ष ठेव."

आणि त्या दुपारी नेमकं माझं लक्ष नव्हतं. पेशंटच्या बेलचं पॅनल मी उघडलं होतं, सप्लाय काढला होता, बंद पडलेल्या मागच्या वॉर्डाकडे जाणाऱ्या तारा कापल्या होत्या. मी आणि तिथल्या मल्याळी नर्स, लिसी सिस्टर, डेस्कपाशी चहा घेत होतो. सर कुठल्या तरी खोलीत आडवे असणार, हे गृहीत.

बेल वाजली.

पॅनलवर मागच्या वॉर्डचा लाल दिवा लागला होता. मी कापलेल्या तारांकडे बघत बसलो... सिस्टर कप ठेवून धावल्यासुद्धा. "भाईसाब, बेल बजा है ना! चलो!"

सर कॉटवर होते. घामाने चिंब, ओठ निळसर, तोंडातून आवाज फुटत नव्हता. सिस्टरनी आरडाओरडा करून सैन्याच्या डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लावला आणि सरांना शहरातल्या हॉस्पिटलात हलवलं. "थोडा जरी उशीर झाला असता..." म्हणून डॉक्टर थांबले. मी कॉरिडॉरमध्येच रडलो.

सर सावरल्यावर विचारलं. म्हणाले, "हातच उचलवत नव्हता रे. आणि बटण होतं कुठे तिथे?" खरंच नव्हतं. भिंतीवर नुसती भोकं होती. पॅनल पुन्हा तपासलं, बॅटरी वगैरे काही नाही. सरांनी रिपोर्टमध्ये बेलचं काम पहिल्या टप्प्यात टाकलं. निधी देणाऱ्यांनी कारण विचारलं तेव्हा "पेशंटचा अनुभव" एवढंच लिहिलं.

काकूंनी एक दिवस माझ्या हातात करंज्यांचा डबा दिला. "ज्याने बेल वाजवली त्याला दे. माझं नाव सांग."

"काकू, पण तिथे कोणी नव्हतं हो..."

"नव्हतं कसं? वाजली ना?"

या बाईशी वाद कोण घालणार! तळावर गेलो. थोड्या करंज्या सिस्टरना दिल्या आणि उरलेल्या घेऊन मागच्या वॉर्डात बराच वेळ उभा राहिलो. शेवटी कॉटशेजारच्या स्टुलावर डबा ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, "कर्णिक काकूंनी दिल्यात." मराठीत! परदेशी सैन्याच्या दवाखान्यात!

तिथे कोण होतं, त्याला मराठी कळत होतं का, मला ठाऊक नाही. आजही नाही. दार ओढून घेतलं, चार पावलं चाललो... मग परत आत गेलो आणि त्या रिकाम्या कॉटला वाकून नमस्कार केला.