कडक तांबेरा

समोरच्या घरातले काका कुणाकडेही गेले की आधी कुंड्या बघतात, माणसं नंतर. पान अंगठ्याने चोळायचं, अंगठा उन्हात धरायचा आणि निदान सांगायचं. पांढरं लागलं तर भुरी, नारिंगी लागलं तर तांबेरा. काहीच लागलं नाही तर ते हिरमुसतात आणि चहालाही थांबत नाहीत.

परवा आमच्या गुलाबाचं पान चोळून त्यांनी लालभडक अंगठा वर केला. "भाऊ, हाऊ तांबेरा शे!" आवाजात असा आनंद, जणू मला मुलगाच झालाय.

मागच्या गल्लीत मिरची कांडप सुरू झाल्यापासून आमच्या खिडक्याही तशाच लाल होतात. हे मी सांगणार, तोवर त्यांनी खात्रीसाठी अंगठा नाकाशी नेला. शिंकांनी गल्ली हलली. मग त्यांनी त्याच अंगठ्याने डोळे पुसले.

"इतला कडक तांबेरा मी जिंदगीमा देखा नही," ते ओक्साबोक्शी रडत म्हणाले. "बठ्ठा पानं तोडा अन जाळी टाका."

आपल्या गुलाबासाठी एवढं रडणाऱ्या माणसाला खोटं कसं पाडायचं? मी पानं तोडून अंगणात पेटवली. धूर पसरला तशी दारं धडाधड बंद झाली. घराघरातून खोकल्याचे आवाज येऊ लागले. बायको पदराने नाक दाबून माझ्या नावाने ओरडत होती.

काका मात्र धुरात ताठ उभे होते. "देखा भाऊ," ते खोकत खोकत म्हणाले, "रोग कसा निंघी ऱ्हायना!"