बाईंच्या गालातले बोळे

आयुष्यात मी वरिष्ठ पुष्कळ पाहिले. कुणी टेबलावर मूठ आपटायचे, कुणी चष्म्यावरून नुसतं बघायचे आणि समोरच्याला घाम फुटायचा. पण दर शनिवारी दुपारी स्वतःच्या गालांत कापसाचे चार बोळे कोंबून, हाताखालच्या माणसांसमोर आ वासून पडून राहणारी वरिष्ठ मी एकच पाहिली. त्या आमच्या बाई. पेणमधल्या दातांच्या डॉक्टर.

दवाखाना बाजारात, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. काळ नव्वदीच्या सुरुवातीचा. मी नुकतीच पदवी घेऊन आलेला, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कोटातला तरुण डॉक्टर. पेशंटच्या तोंडात बघण्यापेक्षा भिंतीवरच्या आरशात बघण्याची हौस जास्त. सिस्टर म्हणजे कमलताई. खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरातली, चाळिशीची, तिनं खांद्यावर नुसता हात ठेवला तरी रडणारा पेशंट गप्प होई. तिसरा दामू, कवळ्या बनवणारा. तो पेणजवळच्या जोहे गावचा. घरी गणपतीचा कारखाना, त्यामुळे चालायला लागल्यापासून हात प्लास्टरमध्ये. एवढीच आमची फौज. शनिवारी शेवटचा पेशंट जिना उतरला की बाई पेशंटच्या खुर्चीत आडव्या व्हायच्या, बोळे भरायच्या आणि बोटानं खूण करायच्या, बोला.

नियम असा, की त्या आठवड्यात बाईंचं काय चुकलं ते प्रत्येकानं सांगायचं आणि तोंडात कापूस असेपर्यंत बाईंनी अक्षर काढायचं नाही. ‘काही तक्रार नाही’ हे उत्तर चालत नसे. पहिल्याच शनिवारी मी हात जोडून म्हणालो, “बाई, तुम्ही फार कष्ट करता, जरा विश्रांती घ्या.” बाईंनी छताकडे डोळे फिरवले. दामू म्हणाला, “डॉक्टर, याला तक्रार नाय म्हणत. याला लोणी म्हणतात.”

कापूसच कशाला, असं मी त्यांना एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, “मध्ये बोलायचं नाही असा निश्चय मी वीस वेळा केला रे. माझा निश्चय टिकत नाही. कापूस टिकतो.”

उत्तर मिळायचं ते सोमवारी, आणि तेही कृतीतून. एका शनिवारी कमलताई म्हणाली होती, “बाई, चिमटा हवा असला की तुमी नुसतं बोट नाचवता. मला नाव हाय.” सोमवारी सकाळी पहिल्याच पेशंटला बाई म्हणाल्या, “कमल, चिमटा दे.” दुसऱ्याला, “कमल, आरसा दे.” दुपारपर्यंत बाजारातल्या यच्चयावत दुखऱ्या दाढांना सिस्टरचं नाव पाठ झालं होतं. कमलताईच शेवटी म्हणाली, “आता बास करा, बाई.”

दामूची गोष्ट आणखी न्यारी. आषाढ लागला की त्याला जोह्याला जावं लागे. घरचा कारखाना, मूर्तींचं काम. दुसऱ्या कुणी त्याला काढूनच टाकलं असतं. बाईंनी माणूस ठेवला आणि कॅलेंडर बदललं. आषाढ-श्रावणात आमच्याकडे कवळीचं माप घेतलंच जात नसे. कुणी कुरकुरलं तर बाई गंभीरपणे सांगत, “आमचा माणूस देवाचं तोंड घडवतोय. तुमचं नंतर.” लोक महिना-दोन महिने खिमट खाऊन वाट बघत. आणि दामूही असा, की पेशंटचा चेहरा पाहिल्याशिवाय कवळीला हात लावत नसे. “नुसतं माप धाडू नका. माणूस दाखवा. दात काय हवेत लावायचेत?”

अशा दवाखान्यात मी आपली हुशारी घेऊन वावरत होतो. एक दिवस बाई म्हणाल्या, “रोह्याला जागा घेतलीय. पाडव्याला उघडायची. तू बघायचीस.” मी मनातल्या मनात त्या दवाखान्याच्या पाटीवर माझं नाव रंगवूनसुद्धा टाकलं. तेवढ्यात बाईंनी अट घातली. “कमल आणि दामू आपणहून तुझ्याबरोबर येतो म्हणाले तरच. मी त्यांना जा म्हणून सांगणार नाही. नवा डॉक्टर आणि नवी माणसं एकत्र ठेवली तर तुम्ही मिळून पेशंट पळवून लावाल. ते नाही म्हणाले तर रोह्याच्या जागेला कुलूप.”

मला वाटलं, यात काय मोठंसं? पुढच्याच सोमवारी मी माती खाल्ली.

मिठागरावरचा एक माणूस दाढ काढायला आला. साठीचा, काटक. मी सुई भरून तयार. कमलताई त्याचा हात हातात धरून विचारत होती, “काका, सकाळपासून काय खाल्लंव काय?” तो तोंड उघडणार इतक्यात मी माझ्या नाटकी आवाजात म्हणालो, “सिस्टर, प्रश्न मी विचारीन. तुम्ही ट्रे धरा.” तिनं ट्रे धरला. मी सुई टोचली. दोन मिनिटांत काका पांढरे पडले आणि खुर्चीतून घसरू लागले. मी नुसता उभा. कमलताईनं खुर्ची आडवी केली, त्यांचे पाय उचलून धरले, थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडल्यावर साखरपाणी पाजलं. काका पुटपुटले, “सोमवार हाय ना गो. कडक उपास असतोय माझा.” तिथवर ठीक होतं. पण बाकावरची माणसं दारातून डोकावत होती आणि माझा कोट फार पांढरा होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “सिस्टर, हे आधी विचारायला नको?”

कमलताईनं पुन्हा ट्रे धरला. आठवडाभर नुसता ट्रेच धरला.

शनिवारी बाई खुर्चीत, बोळे गालात. कमलताई पुढे आली. “बाई, आज माझी तक्रार तुमच्याविषयी नाय.” बाईंनी एकेक बोळा काढून ट्रेमध्ये टाकला, उठल्या, आणि मला म्हणाल्या, “बस.” मी बसलो. नवे चार बोळे त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या गालांत भरले. दातांचा डॉक्टर होऊनही मला तोवर ठाऊक नव्हतं, की त्या खुर्चीतून समोरचा माणूस किती उंच दिसतो.

“डॉक्टर,” कमलताई म्हणाली, “काकांचे हात गार पडलेवते, म्हणून मी विचारत व्हते. तुमी थांबवलंत. चुकलं तर चुकलं, कुणाचंबी चुकतं. पन चूक तुमची आनि नाव माझं घेतलंत. आता आमच्या गावच्या बाया मला विचारतात, गो कमल, तुला जमतं ना तिथलं काम? बारा वर्सं काम केलंय मी इथं.”

माझ्याजवळ तीन खुलासे तयार होते. तिन्ही कापसात अडकले. आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की तिन्ही फालतू होते.

काका पुन्हा आले तेव्हा बाकावर दहा-बारा माणसं होती. मी दारात उभा राहून खणखणीत आवाजात जाहीर केलं, की त्या दिवशी चूक माझी होती, सिस्टरनी वेळेवर विचारलं होतं आणि मीच त्यांना गप्प केलं होतं, काका वाचले ते त्यांच्यामुळे. हात पसरून, मान झुकवून, सगळं यथासांग. दामू आतून म्हणाला, “डॉक्टर, पडदा पाडा. काका खोळंबलेत.” बाक हसला. कमलताईच्या चेहऱ्यावरची मात्र रेषाही हलली नाही. संध्याकाळी बाई म्हणाल्या, “माफी छान मागितलीस. एकदाच मागायची असते ती, म्हणून सोपी. आता रोज तिला विचारत जा. ते अवघड.”

खरोखरच अवघड होतं. प्रत्येक पेशंटला सुई लावण्याआधी मी म्हणायचो, “सिस्टर, काय वाटतं?” पहिले काही दिवस ती नुसती मान हलवायची. मग “चालेल” म्हणू लागली. मग एकदा म्हणाली, “ह्या आजींना आज नको, डॉक्टर. ह्या एकट्याच आल्यात, घरी कशा जातील?” आजींना आम्ही दुसऱ्या दिवशी सुनेबरोबर बोलावलं. माझ्या हे ध्यानात यायला उशीर झाला, की मी आता रोह्यासाठी विचारत नव्हतो. तिचं उत्तर हवं असायचं म्हणून विचारत होतो.

पाडव्याच्या आधीच्या शनिवारी बाईंनी बोळे घेण्यापूर्वी विचारलं, “रोह्याला कोण जातंय?” दामू कमलताईकडे बघू लागला. मी जमिनीकडे. कमलताई म्हणाली, “रोह्याजवळ निडीला माझी बहीण दिलीय. तिच्याकडं राहीन. पन पेशंटला पयलं मी विचारणार, मग हे सुई लावणार.” दामू म्हणाला, “आषाढात मी नसेन, हे रोह्याच्या लोकांना आधीच सांगून ठेवा.”

झालं. पाडव्याला रोह्याचा दवाखाना उघडला. बाई आल्या नाहीत. “मी आले तर सगळी माझ्याकडे बघतील,” एवढाच निरोप.

आठच दिवसांनी काही हत्यारं आणायला मी सकाळच्या एसटीनं पेणला गेलो. दवाखान्याच्या दाराला पुठ्ठा टांगलेला: ‘डॉक्टर लग्नाला गेल्या आहेत.’ आतून भांड्यांचा आवाज येत होता. मागच्या जिन्यानं गेलो तर बाई पदर खोचून स्वतः हत्यारं उकळत होत्या. टेबलावर पसरलेलं प्लास्टर कुठे घट्ट, कुठे पातळ. शेजारी एक नवी मुलगी वहीत हत्यारांची नावं उतरवत होती, आणि बाई तिला चौथ्यांदा का पाचव्यांदा तेच समजावत होत्या. आपण यांची दोन्ही माणसं घेऊन गेलो, आता यांचं कसं होईल, हा विचार माझ्या डोक्यात तिथं पहिल्यांदा आला.

बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, “बाई, कुणाचं लग्न?”

“दोन माणसं सासरी धाडलीत नुकतीच,” बाई म्हणाल्या. हात पुसून त्यांनी हत्यारांचं पुडकं माझ्या हातात दिलं. “कमल जेवली का रे वेळेवर? तिला विचारत जा. ती स्वतःहून सांगत नाही.”